तापाच्या तारखा

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. पावसाळा ओसरत आला होता आणि बाहेर बाकांवर गर्दी होती. नऊ वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई आत आली. मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची. दोन वर्षांत ती किती वेळा येऊन गेली, हे तिच्या फाइलच्या जाडीवरून कळत होते. तक्रार दर वेळी तीच: ताप, पोटात कळा, पोटऱ्या आणि मांड्या ठणकणे. मी दर वेळी त्याला काहीतरी नाव दिले होते. एकदा व्हायरल, एकदा लघवीतला जंतुसंसर्ग, एकदा टायफॉइडची शंका. पायांच्या ठणक्यापुढे ‘वाढीच्या वयातले दुखणे’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. मध्यंतरी दुसरीकडे तिचे अपेंडिक्सही काढून झाले होते. ते निरोगी निघाले आणि महिन्याभरात ताप परत आला.

त्या दिवशी आईने पिशवीतून भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले. पानापानावर लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या.

“हे काय, ताई?”

“ताप येतो त्या दिवशी एक टिकली लावते, डॉक्टर. तुम्ही विचारता, मागचा ताप कधी आला, किती दिवस राहिला. मला नीट सांगता येत नाही. म्हणून.”

मी पाने उलटत गेलो. टिकल्या दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यात होत्या. चौथी टिकली कुठेच नव्हती. मधले तीन आठवडे, कधी पाच आठवडे कोरे. माझ्या फाइलमध्ये पंधरा तर्क होते आणि त्या कॅलेंडरवर एकच आकृती होती. मुलांमधला ताप आणि स्नायूंचे दुखणे यांची दुर्मीळ कारणे वैद्यकाने एकमेकांपासून कशी वेगळी काढली, त्याचा इतिहास मी त्यानंतर पुन्हा मुळापासून वाचला. तो वाचताना सतत जाणवत राहिले, की या शोधाचे मोठे काम आधी तारखांनी केले आणि सूक्ष्मदर्शक व जनुकीय चाचण्या मागाहून आल्या.

दिवस मोजणारे वैद्य

ताप दिवसांवरून ओळखणे ही फार जुनी रीत आहे. आपल्याकडच्या आयुर्वेदाने विषमज्वराचे पाच प्रकार केले: संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चातुर्थक. तापाचा जंतू कुणी पाहिलेला नव्हता, पण तो न उतरता राहतो, दिवसातून दोनदा चढतो, रोज एकदा येतो, एक दिवस सोडून येतो की दोन दिवस सोडून, एवढे मात्र काटेकोरपणे पाहिलेले होते. ग्रीक वैद्यांनीही अशीच विभागणी केली. आज ‘विषमज्वर’ हा शब्द आपण टायफॉइडसाठी वापरतो, त्यामुळे त्यामागची ही दिवसांची मोजदाद विस्मरणात गेली. खेड्यातली म्हातारी माणसे ‘एकांतरा ताप’ म्हणतात, त्यात ती अजून टिकून आहे.

ही मोजदाद किती खरी होती, ते एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. १८८० मध्ये लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला हिवतापाचा परजीवी रक्तात दिसला. काही वर्षांतच इटलीत कामिल्लो गोल्जी याने दाखवले, की रक्तपेशी फुटून परजीवींची नवी पिढी बाहेर पडते त्याच वेळी थंडी वाजून ताप भरतो. एका जातीला त्यासाठी ४८ तास लागतात, दुसरीला ७२. तृतीयक आणि चातुर्थक ही केवळ नावे नव्हती, ते एका जिवाचे घड्याळ होते. दरम्यान लाइपझिगमध्ये कार्ल वुंडरलिश याने हजारो रुग्णांच्या तापाचे आलेख काढून १८६८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लटकू लागला, त्यामागे त्याची मेहनत आहे.

पण तक्ता खाटेला लटकतो आणि मूल घरी गेले की संपतो. दोन मुक्कामांमधल्या कोऱ्या दिवसांची नोंद त्यात नसते. आपला विषय नेमका त्या कोऱ्या दिवसांचा आहे.

एकदाच येणारे दुखणे

प्रथम हे स्पष्ट करायला हवे, की आपल्याकडे ताप येऊन अंग दुखणाऱ्या बहुतेक मुलांना दुर्मीळ असे काहीच झालेले नसते. डेंग्यू, चिकुनगुन्या, हिवताप, फ्लू हीच नावे आधी तपासायची. पोटऱ्या दाबल्यावर मूल कळवळले आणि डोळे लाल असले तर कोकणात पहिली शंका लेप्टोची. २००५ च्या महापुरानंतर मुंबईलाही तिची ओळख झाली. हे सारे नाकारल्यावरच पुढचा विचार.

एकदाच येऊन जाणाऱ्या दुखण्यांतही इतिहासाला दोन चांगली उदाहरणे सापडतात. बाल्टिक समुद्रात बॉर्नहोम नावाचे डॅनिश बेट आहे. १९३० च्या सुमारास तिथे ताप आणि बरगड्यांखाली सुरी खुपसल्यासारखी कळ असा आजार घरोघर पसरला. आयनार सिल्वेस्ट या डॉक्टरने त्याचा सविस्तर अभ्यास केला. दुखणे फुफ्फुसाचे किंवा हृदयाचे नसून स्नायूंचे आहे, हे त्याने मांडले. त्याचा विषाणू पुढे निराळ्याच वाटेने सापडला. अमेरिकेत हडसन नदीकाठच्या कॉक्साकी गावातल्या, पोलिओची शंका असलेल्या मुलांच्या विष्ठेतून गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी १९४८ मध्ये एक नवा विषाणू वेगळा केला. बॉर्नहोमचे दुखणे याच घराण्यातल्या विषाणूंचे निघाले.

दुसरे उदाहरण स्वीडनमधले. १९५७ मध्ये लुंडबर्ग या डॉक्टरने पोटऱ्यांच्या दुखण्याने चालणे सोडलेल्या मुलांचे वर्णन केले. फ्लूसारखा ताप उतरत आला, की सकाळी मूल उठून चवड्यावर चालू लागते किंवा पाय टेकायलाच नकार देते. आईबापांना पोलिओची धास्ती. पण आठवड्याच्या आत मूल पुन्हा धावू लागते. इथेही निदान क्रमावर उभे आहे: ताप आधी, पोटऱ्या नंतर, आणि मग पूर्ण बरे.

याच ठिकाणी डॉक्टर एक भेद शिकतो. दुखणे वेगळे आणि दुबळेपण वेगळे. फ्लूनंतरच्या पोटऱ्या दुखतात, पण स्नायूंची ताकद शाबूत असते. याउलट डर्मॅटोमायोसायटिस या आजारात मुलाला जमिनीवरून उठता येत नाही, जिना चढता येत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही. पापण्यांवर जांभळट झाक आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे दिसतात. तिथे स्नायू खरोखरच झिजत असतो आणि रक्तातली स्नायूंची विकरे बहुधा वाढलेली सापडतात.

माझ्या त्या मुलीचे दुखणे यांतल्या कशातच बसत नव्हते. तिची ताकद उत्तम होती. विकरे ठीक होती. आणि तिचे दुखणे एकदाच येणारे नव्हते.

‘निरुपद्रवी’ म्हटलेला आजार

१९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी, जेनवे आणि मोझेंथाल यांनी, एका ज्यू मुलीच्या विचित्र आजाराची नोंद केली. ताप आणि पोटदुखीचे झटके यायचे, जायचे, पुन्हा यायचे. ती नोंद जवळजवळ चार दशके एकटीच पडून राहिली. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्याच शेपर्ड सिगल यांनी असे दहा रुग्ण एकत्र मांडले. पोटाच्या आवरणाला येणारी ही सूज दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते हे पाहून त्यांनी आजाराच्या नावातच ‘निरुपद्रवी’ अशा अर्थाचा शब्द घातला. १९४८ मध्ये होबार्ट रायमन यांनी पाळीने येणाऱ्या अनेक दुखण्यांची एकत्र मोट बांधली. त्या मोटेत खूपच निरनिराळी दुखणी कोंबली गेली, पण ‘परत येणे’ हेच लक्षण मानावे, ही त्यांची दृष्टी मोलाची होती.

‘निरुपद्रवी’ हा शब्द फार काळ टिकला नाही. पॅरिसमध्ये आँरी मामू आणि रॉजे कातां यांच्याकडे उत्तर आफ्रिकेतून आलेली ज्यू कुटुंबे येत. १९५१ मध्ये त्यांनी चौदा रुग्णांची माहिती छापली. त्यांतल्या आठ जणांची मूत्रपिंडे बिघडलेली होती. झटका दोन दिवसांत जातो, मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो, पण दर झटक्यात शरीरभर दाह पेटतो. त्या दाहात यकृत एक विशिष्ट प्रथिन भरमसाट बनवते. वर्षानुवर्षे त्याचा साका मूत्रपिंडात साचत राहतो. त्यालाच अमायलॉइड म्हणतात. आधी लघवीतून प्रथिन जाऊ लागते, मग अंगावर सूज येते, मग मूत्रपिंड बंद पडते. तेव्हा डायलिसिस आजच्यासारखे नव्हते. म्हणजे ‘दोन दिवसांत जाईल’ असे म्हणून घरी पाठवलेले मूल तरुणपणी मूत्रपिंडाच्या विकाराने दगावायचे, आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नसे.

तो संबंध पक्का केला तेल अवीवजवळच्या तेल हाशोमेर रुग्णालयातल्या हॅरी हेलर आणि एझ्रा सोहार यांनी. नव्या इस्रायलमध्ये इराक, लिबिया, मोरोक्कोतून कुटुंबेच्या कुटुंबे येत होती. या डॉक्टरांनी एकेका रुग्णाबरोबर त्याची भावंडे, चुलते, आजोबा यांचीही चौकशी केली. १९५८ मध्ये त्यांनी आजाराला नाव दिले ‘फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर’, म्हणजे भूमध्य सागराकाठच्या घराण्यांतला ताप. आई-वडील दोघे निरोगी, पण दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मुलाला आजार होतो, असे वंशावळींवरून दिसले. १९६७ मध्ये त्यांनी ४७० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ताप बारा तास ते तीन दिवस, पोट किंवा छातीत कळ, एखादा सांधा सुजणे, घोट्याजवळ लाल चट्टा, आणि चालणे-खेळणे झाल्यावर संध्याकाळी पोटऱ्या ठणकणे. अनेकांच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण असतो, कारण झटक्यात पोट हुबेहूब अपेंडिक्ससारखे दुखते.

हे वर्णन वाचताना मला एक निरोगी अपेंडिक्स आठवले.

कुंपणावरची कळलावी

नाव मिळाले तरी औषध नव्हते. ते १९७२ मध्ये जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी सापडले. बॉस्टनचे स्टीफन गोल्डफिंगर यांनी एका छोट्या पत्रातून कळवले, की गाऊटवरचे जुने औषध कोल्चिसिन रोज घेतल्यावर मोजक्या रुग्णांचे झटके थांबले. तुर्कस्तानात एमीर ओझकान यांनाही तोच अनुभव आला. १९७४ मध्ये रीतसर चाचण्यांनी तो खरा ठरवला. पण झटके थांबले म्हणून मूत्रपिंड वाचते का? याचे उत्तर १९८६ मध्ये डेबोरा झेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. सुरुवातीला मूत्रपिंड ठीक असलेल्या ९६० रुग्णांत, नेमाने गोळी घेणाऱ्यांपैकी फक्त चौघांच्या लघवीत प्रथिन दिसू लागले. गोळी नीट घेत नसल्याचे कबूल करणारे ५४ होते. त्यांपैकी सोळा जणांना तो त्रास सुरू झाला. एका स्वस्त गोळीच्या बाजूने इतके निर्विवाद आकडे क्वचितच पाहायला मिळतात.

या कोल्चिसिनची कुळकथा आपल्या अंगणापर्यंत येते. काळ्या समुद्राकाठच्या कोल्किस प्रदेशावरून नाव पडलेल्या कोल्चिकम या वनस्पतीतून १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी हे द्रव्य काढले. त्याच वर्षी त्याच दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले. पाळीच्या हिवतापाचे औषध आणि पाळीच्या या दुसऱ्या तापाचे औषध, दोन्ही एकाच जोडगोळीच्या हातून आले. फक्त दुसऱ्याचा उपयोग कळायला दीडशे वर्षे लागली. काश्मीरकडची सुरंजान ही त्याच कुळातली आणि युनानी हकीम सांधेदुखीवर ती वापरत आले.

आणि कोल्चिसिन असलेली दुसरी वनस्पती म्हणजे आपली कळलावी. श्रावण-भाद्रपदात कोकणातल्या कुंपणांवर ज्वाळेसारखी पिवळी-लाल फुले दिसतात ती. संस्कृतात तिला अग्निशिखा आणि लांगली म्हणतात. ते फूल घरात आणले तर भांडणे लागतात, असे माझी आजी सांगायची आणि आम्हांला हात लावू देत नसे. नावाचा दुसरा अर्थही जाणत्या बायकांना ठाऊक असे: प्रसूतीच्या कळा लावणारी. आजीची भीती रास्त होती. कळलावीचा कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते, म्हणून या झाडाचा घरगुती प्रयोग कुणीही, कधीही करू नये. तमिळनाडूत तिची रीतसर शेती होते आणि बिया औषधासाठी परदेशी जातात.

नॉटिंगहॅमचे कुटुंब

पाळीने येणारा प्रत्येक ताप एकाच घराण्यातला असता तर गोष्ट इथेच संपली असती. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी आयरिश-स्कॉटिश वंशाच्या एका मोठ्या कुटुंबाची हकिकत छापली. तिथेही वारंवार ताप, पोटदुखी आणि स्नायूंचे तीव्र दुखणे होते. पण बारकावे जुळेनात. ताप दोन दिवसांत न जाता आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त राही. दुखणे एका जागी थांबत नसे. ते मांडीत किंवा दंडात सुरू होऊन हळूहळू खाली सरके आणि त्याच्या बरोबरीने वरच्या कातडीवरचा लाल, ऊन चट्टाही सरके. डोळ्याभोवती सूज येई. आजार प्रत्येक पिढीत दिसे, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच येत होता. आयर्लंडच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याला ‘हायबर्नियन ताप’ म्हटले गेले. या रुग्णांना कोल्चिसिनचा गुण येत नाही, स्टेरॉइडचा येतो. पुढे कळले, की दाह स्नायूंवरच्या आवरणात असतो आणि खुद्द स्नायू बव्हंशी शाबूत राहतो.

मग इतरही निराळे निघाले. १९८४ मध्ये हॉलंडमधल्या लायडनच्या यॉस फान डेर मेर यांनी सहा रुग्ण मांडले: तान्हेपणापासून ताप, तीन ते सात दिवसांचा, मानेत गाठी, आणि बऱ्याचदा लस टोचल्यावर उठणारा. १९८७ मध्ये अमेरिकेत गॅरी मार्शल यांनी बारा मुले नोंदवली. त्यांचा ताप जवळजवळ घड्याळ लावून येई, घसा लाल, तोंडात फोड, आणि मधल्या काळात वजन-उंची उत्तम. हा सर्वांत साधा प्रकार, वयाबरोबर बहुधा आपोआप जातो. याउलट इंग्लंडच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्येच वर्णिलेल्या बालसंधिवातात ताप आठवडेच्या आठवडे रोज एकदा चढतो, रोज उतरतो. त्याच्याबरोबर फिक्या गुलाबी रंगाचे चट्टे उमटतात आणि अंग दुखते.

या सगळ्यांची रक्ततपासणी झटक्याच्या वेळी जवळपास सारखीच दिसते: पांढऱ्या पेशी आणि दाहाचे निर्देशक वाढलेले. म्हणजे रक्त एवढेच सांगते, की काहीतरी पेटले आहे. काय पेटले, ते तापाच्या दिवसांची संख्या, दोन तापांमधले अंतर, दुखण्याची जागा आणि घरातली माणसे सांगतात.

आग आणि आमचा समुद्र

१९९७ मध्ये भूमध्य तापाचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर सापडले. दोन संशोधनगट एकाच वेळी तिथे पोहोचले. एका गटाने त्या प्रथिनाला ग्रीक ‘आग’वरून पायरिन म्हटले. फ्रेंच गटाने भूमध्य सागराच्या ‘आमचा समुद्र’ या रोमन नावावरून मारेनोस्ट्रिन म्हटले. आगीचे नाव टिकले. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, मायकेल मॅकडर्मॉट, डॅनियल कास्टनर आणि सहकाऱ्यांनी नॉटिंगहॅमच्या तापाचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर दाखवले आणि या आजारांसाठी ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ हा नवा शब्द वापरला. जंतू नाही, शरीराविरुद्धची प्रतिपिंडेही नाहीत. जन्मजात संरक्षणाची ठिणगीच विनाकारण पडते आहे. डॉक्टरांनी तारखांवरून वेगळी काढलेली दोन घराणी जनुकांच्या पातळीवरही वेगळीच निघाली.

एक प्रश्न उरतो. इतके घातक जनुक काही समाजांत दर पाच-सात माणसांमागे एकात का सापडावे? २०२० मध्ये कास्टनर यांच्याच गटाने एक उत्तर सुचवले. प्लेगचा जंतू आपल्या एका विषाने पायरिनला गप्प बसवतो, पण बदललेले पायरिन तितके सहज गप्प बसत नाही. प्लेगच्या लाटांत हे जनुक बाळगणारे अधिक तगले असावेत. १८९६ ची मुंबई आणि १८९७ चे पुणे ज्यांच्या वाचनात आहे, त्यांना या तर्काचे वजन वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा टिकल्यांकडे. त्या आईला मी वंशावळ विचारली. नवरा तिचा सख्खा आतेभाऊ होता. आपल्याकडे हे अप्रूप नाही आणि त्यात कुणाचा दोषही नाही, पण दुर्मीळ जनुकाच्या दोन प्रती एकत्र यायला ही वाट सोपी पडते. भारतात हा आजार तुरळकच नोंदला गेला आहे, म्हणून मी कचरत नमुना मोठ्या शहरात पाठवला. अहवाल होकारार्थी आला. लघवीत प्रथिन नव्हते. आम्ही वेळेत होतो, आणि त्याचे श्रेय माझे नव्हते. गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी ती आई कॅलेंडर घेऊन आली. पाने कोरी होती. तरी ती दर महिन्याला दाखवायला आणत राहिली.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात एक बदल झाला. वारंवार ताप येणाऱ्या मुलाच्या आईला किंवा आजीला मी औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक कोरे कॅलेंडर देतो. बहुतेकांच्या पानांवर काहीच आकृती उमटत नाही. शाळा सुरू झाल्यावरचे ते साधे सर्दी-ताप असतात, आणि तेही कळणे चांगलेच. पण एखाद्या पानावर टिकल्या रांगेने बसतात. तेव्हा मी फाइल मिटतो, खुर्ची पुढे ओढतो आणि पहिल्यापासून विचारायला लागतो.